‘सर, जरा जास्त वाटतंय’

सोलापूरच्या विमानसेवेची चर्चा कितीतरी वर्षं एका चिमणीभोवती फिरली. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी धावपट्टीच्या वाटेत येते की नाही, पाडायची की ठेवायची, यावर मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, एकेका घरात दोन तट पडले. १५ जून २०२३ ला ती पाडली. ९ जून २०२५ ला होटगी रोडवरच्या विमानतळावरून गोव्याची नियमित सेवा सुरू झाली, आणि तीनच दिवसांनी अहमदाबादला विमान कोसळून २६० माणसं गेली. त्या आठवड्यात आसरा चौकापासून पूर्व भागापर्यंत प्रत्येक टपरीवर एकच वाक्य ऐकू येत होतं: ‘पायलटचं काहीतरी चुकलं असणार.’

हे वाक्य उच्चारलं की विषय संपला असं आपल्याला वाटतं. अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. चुकलं ते का चुकलं? त्या क्षणी त्या माणसाला ते बरोबर का वाटलं? शेजारी बसलेल्याला दिसलं होतं का? दिसलं असेल तर तो काय बोलला, कोणत्या शब्दांत, कोणत्या आवाजात? चिमणीची उंची टेपने मोजता येते. या प्रश्नांना तशी टेप नाही, पण ब्लॅक बॉक्समधला आवाज आहे, आणि त्यावरून गेल्या पन्नास वर्षांत बरंच काही उलगडलं आहे.

गोव्याला जाणारं आपलं विमान एटीआर ७२ जातीचं, दोन पंख्यांचं. त्याच्या कॉकपिटमध्ये दोन पायलटांच्या मधे एक चौथरा असतो. त्यावर डावीकडे दोन पॉवर लिव्हर, मधे दोन कंडिशन लिव्हर, आणि उजवीकडे फ्लॅपची एकच लिव्हर. पॉवर लिव्हर म्हणजे मोटारीच्या ॲक्सिलरेटरसारखं समजा. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली उतरणाऱ्या फळ्या. उतरताना वेग कमी असला तरी त्या विमान तोलून धरतात. मधल्या कंडिशन लिव्हरकडे पंख्याच्या पात्यांचा कोन आणि इंधन असतं. ती मागे ‘फेदर’वर ओढली की पाती हवेला धार दाखवून उभी राहतात. इंजिन चालू राहतं, पण पंखा विमानाला पुढे ओढत नाही. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्याला अडथळा होऊ नये म्हणून ही सोय आहे. चालू इंजिनावर ती चुकून वापरली गेली, तर विमान क्षणात लुळं पडतं.

१५ जानेवारी २०२३ ला नेपाळमध्ये पोखऱ्याला नेमकं हेच झालं. विमानतळ नवा कोरा, सुरू होऊन दोनच आठवडे झालेले. विमान एटीआर ७२. डाव्या सीटवर त्या विमानतळाची ओळख करून घेणाऱ्या कॅप्टन, उजव्या सीटवर शिकवणारे अनुभवी कॅप्टन. ऐन वेळी धावपट्टीची दिशा बदलून घेतलेली, त्यामुळे वळण आखूड आणि कामं एकावर एक आलेली. डावीकडून मागणी झाली, ‘फ्लॅप ३०’. उजवीकडून ‘फ्लॅप ३०’ असं उत्तरही आलं. फ्लॅप मात्र १५ वरच राहिले. हात एक घर अलीकडे पडला होता, आणि मधल्या दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरवर गेल्या होत्या. पुढच्या मिनिटाभरात इंजिनाला ताकद नाही असं दोनदा बोललं गेलं, पण ताकद का नाही, हे पाहायला नजर त्या लिव्हरवर गेलीच नाही. ७२ जण होते, कुणीही वाचलं नाही.

चौथऱ्यावरच्या त्या लिव्हर एकमेकींसारख्या नाहीत. मुठीचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, हाताला कळावं म्हणून. तरीही हात चुकला, कारण हात सवयीने चालत होता आणि डोकं दुसरीकडे गुंतलं होतं. म्हणून शिकवताना क्रम पक्का करून घेतात: मागणी ऐकायची, लिव्हरवर हात ठेवायचा, ती कोणती आहे हे डोळ्यांनी पाहायचं, तिचं नाव घ्यायचं, हलवायची, आणि मग काट्यावर फरक पडला का ते पाहून ‘झालं’ म्हणायचं. सगळं मिळून तीन-चार सेकंद. पोखऱ्यात शेवटची पायरी गळली. ‘फ्लॅप ३०’ हे उत्तर काट्याकडे बघून द्यायचं असतं, ते मागणीचा पडसाद म्हणून दिलं गेलं. घाईतल्या माणसाला पडसाद आणि पडताळणी यांतला फरक कळत नाही, आणि ही गोष्ट नवशिक्यापेक्षा हजारो तास उडालेल्या माणसाला अधिक लागू पडते.

४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत विमान एटीआरच होतं. उड्डाणानंतर दुसऱ्या क्रमांकाच्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर झाला. एका इंजिनावर एटीआर सहज उडतं, परत येऊन उतरतं. पण कॅप्टनने घाईत पहिल्या इंजिनाची, म्हणजे चांगल्या इंजिनाची, लिव्हर मागे ओढली आणि पुढे ते बंदच केलं. चूक लक्षात आली तेव्हा तो उद्गारला की चुकीच्या बाजूची ओढली. पहिल्या धोक्याच्या घंटेपासून नदीत पडेपर्यंत दोन मिनिटं. ५८ पैकी ४३ जण गेले. नियम असा आहे की कोणत्याही इंजिनाच्या लिव्हरला हात लावण्याआधी ‘दोन नंबर, बरोबर?’ असं विचारायचं, आणि दुसऱ्याने स्वतः बघून ‘दोन नंबर, बरोबर’ म्हटल्यावरच ओढायची. आग लागली तरी ही विचारपूस टाळायची नाही.

इंग्लंडमधल्या केगवर्थच्या अपघातातली एक गोष्ट मात्र याहून जास्त छळते. ८ जानेवारी १९८९. डाव्या इंजिनाचं पातं तुटलं, पायलटांनी उजवं बंद केलं. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलं आहे. मागे बसलेल्या कित्येक प्रवाशांनी डाव्या इंजिनातून निघणाऱ्या ठिणग्या आणि ज्वाळा डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ‘उजव्या’ हा शब्द त्यांना खटकला. कुणी विचारलं नाही. केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनीही पुढे जाऊन सांगितलं नाही; पायलटला आपल्यापेक्षा जास्त कळतं, ही समजूत. ४७ माणसं गेली. त्यानंतर पायलट आणि केबिन कर्मचारी यांचं प्रशिक्षण एकत्र घेण्यावर भर आला, तो यासाठी.

इथे आपलं घर, आपली भाषा मधे येते. आपण मोठ्या माणसाला चूक दाखवतो ती कशी? ‘सर, जरा जास्त वाटतंय.’ ‘साहेब, एकदा बघता का?’ ‘अहो, मला वाटलं की…’ ‘जरा’, ‘वाटतंय’, ‘एकदा’, ‘बघता का’ हे सगळे मऊ कापडाचे थर, मोठ्याला टोचू नये म्हणून. मराठीतली ही अदब सुंदर आहे, आणि घरात, दुकानात, बँकेत ती हवीच. पण पाचशे फुटांवर, मिनिटाला हजार फुटांहून वेगाने खाली येणाऱ्या विमानात त्या थरांमधून अर्थ पोहोचायला जेवढा वेळ लागतो तेवढा हातात नसतो. आणि ही अडचण एकट्या मराठीची नाही. कोरियनची आहे, स्पॅनिशची आहे, इंग्रजी बोलणाऱ्यांचीही आहे. हुद्दा जिथे आहे तिथे ती आहे.

मंगळूर, २२ मे २०१०. दुबईहून रात्रभर उडून सहाच्या सुमारास उतरणारं विमान. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टनच्या झोपेचा आवाज आहे. खोल झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू लगेच चालत नाही; डोळे उघडे असतात, निर्णय मात्र पेंगत असतात. उठल्यावर विमान फार उंचावर असल्याचं दिसलं, आणि उतरायचा अट्टाहास सुरू झाला. सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ तीनदा म्हटलं. म्हणजे उतरू नका, ताकद लावा, वर चला, पुन्हा या. कॅप्टनने ऐकलं नाही, आणि सहवैमानिकाने नियंत्रण हातात घेतलं नाही. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर चाकं टेकली तेव्हा ५,२०० फूट मागे सरले होते. १५८ गेले, ८ वाचले.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोळिकोड. पाऊस, ओली धावपट्टी, मागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालेना. दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइटही याच कॅप्टनकडे होती आणि तिथे कॅप्टनांची संख्या अपुरी होती. दुसरीकडे उतरलं तर सकाळचं गणित कोलमडणार, हा विचार कागदावर कुठेही नसतो, पण सीटवर बसलेल्या माणसाच्या खांद्यावर असतो. ८,८५८ फुटांपैकी सुमारे ४,४३८ फूट ओलांडल्यावर चाकं टेकली. सहवैमानिकाने गो-अराउंड म्हटलं, तेही उशिरा आणि तोकडं. दोन्ही पायलटांसह २१ जण गेले. मंगळूरचा अहवाल या दहा वर्षांत सगळ्यांनी वाचलेला होता. वाचणं एक आणि अंगात भिनणं एक, हे इतक्या कडू रीतीने दुसरीकडे क्वचितच दिसलं असेल.

या रोगावरचा उपाय १९७७ मध्ये तेनेरिफे या स्पॅनिश बेटावर झालेल्या अपघातानंतर शोधायला घेतला गेला. २७ मार्चला धुक्यात दोन जंबो जेट विमानं धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाण सुरू केलेल्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं, ‘ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून निघालं नाही का?’ कॅप्टनने ठासून उत्तर दिलं की निघालं आहे. कॅप्टन कंपनीतला प्रशिक्षण विभागाचा प्रमुख होता. त्याच्या ‘हो’नंतर प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही. पुढे कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं, याचंच प्रशिक्षण सुरू झालं. त्याला सीआरएम, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, म्हणतात, आणि आज त्याशिवाय कुणी प्रवासी विमान उडवू शकत नाही.

या प्रशिक्षणात शिकवतात ते अगदी साधं आहे, म्हणूनच अवघड आहे. मत सांगायचं नाही, आकडा सांगायचा. ‘सर, वेग जरा जास्त वाटतोय’ नाही; ‘स्पीड, प्लस पंधरा’, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा पंधरा नॉट जास्त. आकड्यात अनादर नसतो, ज्येष्ठ-कनिष्ठ नसतं. त्यावर समोरून ‘करेक्टिंग’ असं उत्तर आलंच पाहिजे. नाही आलं तर दुसऱ्यांदा, जास्त ठाम. दुसऱ्यांदाही उत्तर नसेल तर समोरचा माणूस त्या क्षणी विमान चालवण्याच्या स्थितीत नाही असं धरायचं, ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचं आणि विमान हातात घ्यायचं. ढगांतून येताना हजार फुटांवर, स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमान ठरलेल्या वेगात, ठरलेल्या उतारावर, चाकं-फ्लॅप लावलेलं असलं पाहिजे. यातलं एक जरी बिनसलं असेल तर गो-अराउंड; तिथे चर्चा नाही.

गो-अराउंड झालं की आपल्याकडे बातमी येते, ‘विमान थोडक्यात बचावले, प्रवाशांचा जीव टांगणीला’. मनापासून सांगावंसं वाटतं की ही बातमी घातक आहे. गो-अराउंड म्हणजे व्यवस्था चालली. ज्या पायलटने तो निर्णय घेतला त्याला उद्या चार माणसांसमोर मान खाली घालावी लागली, तर परवा तो दहा सेकंद जास्त विचार करेल. ते दहा सेकंद धावपट्टीच्या मापात हजार-दोन हजार फूट असतात. होटगी रोडवर कधी विमान खाली येऊन पुन्हा वर गेलं, तर विमानतळाबाहेर वाट बघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आकड्यांचं आणखी एक. सोलापुरात माणूस सकाळी तेलुगू, दुकानात कन्नड, शाळेत मराठी आणि गल्लीत दखनी बोलतो. भाषा बदलताना शब्द क्वचित चुकतात, आकडे चुकतात. मराठीत आपण एकक आधी बोलतो: बे-चाळीस, चौ-सष्ट. लिहिताना मात्र दशक आधी. फोन नंबर सांगताना एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांचा घोळ कुणाचा झालेला नाही? रेडिओवर म्हणूनच आकडे सुटे बोलतात, एकेक अंक, आणि ऐकणाऱ्याने ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवायचे असतात. नऊला ‘नायनर’ म्हणायचं, तेही खरखरीत ‘फाइव्ह’शी गफलत होऊ नये म्हणून.

१२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीजवळ, चरखी दादरीच्या आकाशात कझाकस्तानचं मालवाहू जातीचं विमान १५,००० फुटांपर्यंत उतरायचं होतं आणि सौदीचं जंबो १४,००० पर्यंत चढायचं होतं. मधे हजार फुटांची फट. कझाक विमानात जमिनीवरच्या नियंत्रकाशी इंग्रजी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता. त्याच्यासमोर स्वतःचा उंचीचा काटा नव्हता, तो पायलटांच्या खांद्यावरून वाकून बघायचा. विमान १५,००० च्या खाली उतरत गेलं. ते ऑपरेटरच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने वर जायला सांगितलं, आणि वर जाताना ते सौदीच्या विमानावर आदळलं. ३४९ माणसं. त्यानंतर भारतात येणाऱ्या विमानांना, समोरून विमान आलं तर स्वतःहून ओरडणारं टीकास हे यंत्र सक्तीचं झालं.

कॉकपिटबाहेरचे हात विसरून चालणार नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्राचा बोल्ट झिजला की आपण काय करतो? जुना हातात घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जातो, आट्याला आटे लावतो, ‘हाच’ म्हणतो. १९९० च्या जूनमध्ये इंग्लंडमधल्या एका हँगरमध्ये पहाटेच्या पाळीला एका अनुभवी माणसाने हेच केलं. कॉकपिटची काच बसवायची होती, ९० बोल्ट. अंधूक उजेडात, वाचायचा चष्मा न लावता, पुस्तकात भाग क्रमांक न बघता त्याने जुन्या बोल्टशी ताडून नवे घेतले. ८४ बोल्ट व्यासाने इंचाच्या २६ हजारांश भागाने बारीक निघाले. बाकीचे सहा जाडीला बरोबर, पण लांबीला एक दशांश इंचाने आखूड. आधीचे बोल्टही चुकीचेच होते, तरी ते टिकले होते. त्यामुळे जुळवणी ‘बरोबर’ वाटली. १० जूनला १७,००० फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरवलं, कॅप्टन वाचला.

तो माणूस कामचुकार नव्हता. मनुष्यबळ कमी म्हणून पर्यवेक्षक असूनही स्वतः पाना हातात घेणारा, वेळेवर विमान देणारा, कंपनीला आवडणारा होता. काच हा भाग ‘दुसऱ्याने तपासायलाच हवा’ या यादीत नव्हता, म्हणून दुसरी नजर फिरलीच नाही.

आपल्या पॉवरलूमवर बाणा तुटला की माग आपोआप थांबतो. विणकराचं लक्ष नव्हतं म्हणून चादरीत रिकामी पट्टी जात नाही. ज्याने ही सोय मागात बसवली त्याने विणकराला आळशी म्हटलं नाही. आठ-दहा तास उभ्या माणसाची नजर कधीतरी हलणार, हे त्याने धरून चाललं. पायलटांच्या झोपेच्या नियमांमागेही हेच आहे. पहाटे दोन ते सहा हा शरीराचा तळ असतो. कितीही कॉफी प्या, मेंदू त्या वेळी पेंगलेलाच राहतो. विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या डीजीसीएने पायलटांची आठवड्याची सलग विश्रांती २०२५ च्या जुलैपासून ३६ तासांवरून ४८ वर नेली, ती कंपन्यांना महाग पडली म्हणून ओरडही झाली. मंगळूरचं ध्वनिमुद्रण आठवलं की ते बारा तास महाग वाटत नाहीत.

आणि आता मे महिना. सोलापूरचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर. पारा ४२ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण जणू पाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद घटते, धावावं जास्त लागतं, चढ मंदावतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी तापमान, वारा, वजन घालून वेग आणि ताकद यांचा हिशोब करतात. २१ जुलै २०१७ ला बेलफास्टला एका विमानात १६ ऐवजी उणे ५२ हे तापमान भरलं गेलं. ते वरच्या हवेचं तापमान होतं, चुकीच्या रकान्यात पडलेलं. यंत्राने हवा गारठलेली समजून ताकद कमी ठरवली, विमान जेमतेम उचललं गेलं आणि धावपट्टीपलीकडचा एक दिवा त्याने उडवला. सुदैवाने सपाट जमीन होती, कुणाला काही झालं नाही. धावत्या विमानात दोघांनाही ताकद कमी आहे हे फार उशिरा जाणवलं.

इथे ४२ च्या जागी २४ टाइप होणं किती सोपं आहे, हे बे-चाळीस मोठ्याने म्हणून बघा. म्हणून दोन्ही पायलट आपापल्या टॅबवर स्वतंत्र हिशोब करतात, एकमेकांच्या पडद्याकडे न बघता. मग एकजण आपले तीन वेग अंक सुटे करून वाचतो, दुसरा आपल्या पडद्यावर बोट ठेवून जुळवतो. जुळले नाहीत तर कोण ज्येष्ठ आहे हे विचारात न घेता दोघंही पुन्हा पहिल्यापासून भरतात, तोवर विमान हलत नाही. बाहेर डांबरावर प्रवासी उन्हात जिन्याकडे चाललेले असतात, कुणी पंख्यासमोर फोटोला थांबू पाहतं आणि ग्राउंडवरचा मुलगा हात आडवा करून त्याला पुढे काढतो. आत कॅप्टन सहवैमानिकाला उड्डाणाची रूपरेषा सांगतो, आणि शेवटी विचारतो, ‘माझ्या बोलण्यात काही राहिलं का?’ चांगला कॅप्टन हा प्रश्न विचारून गप्प बसतो आणि उत्तराची वाट बघतो.